हेक्टरची ऊब

आधी एक सांगून टाकतो. मी पिणारा माणूस आहे, लपवत नाही. पण त्या रात्री बाटलीचं बूच निघालेलं नव्हतं. बारा वाजल्याशिवाय आमच्यात कुणी काढत नाही.

तेव्हा 'म्हातारा झिंगला असेल' असं कुणी म्हणायचं नाही.

रात्र होती सरत्या वर्षाची शेवटची. गाव स्कॉटलंडमधलं ॲबर्डीन. बंदराच्या पलीकडे जो उंच टॉवर दिसतो ना, त्यातला नववा मजला. आमचा नवा फ्लॅट.

माझं नाव डॉड. बेकरीत रात्रपाळीला असतो. उभा जन्म भट्टीपुढे गेला. लोक झोपतात तेव्हा मी त्यांचे सकाळचे खारे बटरपाव भाजतो आणि लोक उठले की मी झोपतो. शाळा मला मानवली नाही. पण पीठ कधी फुगलं आणि माणूस कधी फुगला, ते मला बघताक्षणी कळतं.

आणि मी जळायचो. हेक्टरवर.

हेक्टर म्हणजे माझ्या बायकोचा, नेटाचा, पहिला नवरा.

मेलेला.

मेलेल्यावर कुणी जळतं का, असं तुम्ही विचाराल. जिवंत असता तर एकदा गचांडी धरून मोकळा झालो असतो हो. मेलेल्याचं काय करणार? तो कधी चुकत नाही, कधी घोरत नाही, कधी म्हातारा होत नाही.

तो कोळसेवाला होता. किनाऱ्यावरच्या खेड्यांतून ट्रक फिरवायचा, दारोदार पोती टाकायचा. माणूस धिप्पाड, केस डांबरासारखे काळे. पहाटे नेटाच्या आधी उठायचा. शेगडीतली राख खरवडायची, काड्या रचायच्या, कोळसा घालायचा, पेटवायचं. घर उबदार झालं की मगच तिला हाक मारायचा.

"हेक्टर होता तोवर थंड घरात मी कधी डोळे उघडले नाहीत," नेटा म्हणायची.

एकदा म्हणाली, ठीक. पण रोज?

आमचं लग्न उतारवयातलं. तिचं खेड्यातलं घर ओलीने पार सडलेलं, म्हणून शहराच्या कौन्सिलने हा फ्लॅट दिला. नवा रंग, नवी बाथरूम, खिडकीतून समुद्र. फक्त शेगडी नाही. गॅसही नाही. भिंतीला टेकून दोन पांढरी लोखंडी धुडं, एक बैठकीत, एक झोपायच्या खोलीत. तेच आमचे हीटर.

आणि घर गार. बर्फासारखं.

नेटा कोट घालून टीव्ही बघायची. मी दिवसा दोन रजयांत झोपायचो. शेवटी एक दिवस ती सूप ढवळता ढवळता म्हणाली, "डॉड, जानेवारीतही हे असंच राहिलं तर मी बहिणीकडे जाते बघ. तिच्याकडे शेगडी आहे."

"किती दिवस?"

"उन्हाळा लागेपर्यंत."

आमच्याकडे उन्हाळा जूनशिवाय लागत नाही. एकदा गेलेली बायको आमच्या वयात परत येईल याचा काय भरवसा? त्यातून बहिणीचं खेडं हेक्टरचं. तिथल्या दर घरात त्याचा कोळसा.

खालच्या मजल्यावर इसोबेल राहते. वयाने म्हातारी, जिभेने सुरी. लिफ्टमध्ये तिने मला धरलंच.

"काय रे डॉड, लग्नाची बायको थंडीने मारायचा बेत आहे का? विम्याचे पैसे येणारेत?"

"वीज काय तुझा बाप देतो?"

"चल, दाखव काय करून ठेवलंयस ते."

वर आली. हीटरवर थाप मारली. दोन कळा बघितल्या आणि हसत सुटली.

"अरे गाढवा! याच्या पोटात विटा आहेत, विटा. रात्री वीज स्वस्त असते, तेव्हा त्या तापवून ठेवायच्या. दिवसा वीज महाग, तेव्हा हा काही घेतच नाही. रात्री साठवलेलं तेवढं हळूहळू सोडत बसतो. ही कळ भरायची, ही सोडायची. तू काय केलंस? भरायची अगदी कमी, सोडायची सताड उघडी! म्हणजे जे चार आण्याचं भरलं, ते बायको झोपेत असतानाच उडून गेलं. आणि दिवसा तो प्लगचा हीटर लावून बसतोस, महागाच्या विजेवर! पैसे वाचवायला जाऊन असं बुडणारा माणूस आमच्या ॲबर्डीनमध्येच जन्माला यायचा."

मग मीटरचं कपाट उघडून दाखवलं. या टॉवरला हीटरचं मीटर वेगळं आहे. ते फक्त रात्री फिरतं. बाजूला हीटरचं मोठं लाल बटण.

नेटा दारातून बघत होती. "हेक्टरला बाई असलं काही लागायचं नाही," ती म्हणाली. "एक काडी ओढली की झालं."

इसोबेलने माझ्याकडे बघितलं. मग कपाट लावून टाकलं. तेवढी तिची मेहरबानी.

वर्ष संपायच्या आत घर लख्ख करायचं ही आमच्याकडची रीत. मी दोन्ही हीटरमागच्या भिंतींना नवा कागद लावला, भांडी घासली, राहिलेला कचरा खाली नेला. संध्याकाळी हीटरपुढे गुडघे टेकून बसलो. भरायची कळ पूर्ण. सोडायची बंद.

"उद्या बघच नेटा," मी म्हणालो. "हेक्टरला विसरशील. नावही आठवायचं नाही त्याचं."

नेटाचा चेहरा उतरला.

"असं बोलू नये, डॉड. आजच्या रात्री तर नाहीच."

मी हसलो.

बारा वाजल्यानंतर घरात जो पहिला पाऊल टाकतो, त्याच्यावर आमचं सगळं वर्ष अवलंबून. तो पुरुष हवा, काळ्या केसांचा हवा आणि हातात कोळशाचा तुकडा हवा. तांबड्या केसांचा आला की वर्ष गेलं. माझं डोकं तांबडं. म्हणजे आता जेवढं शिल्लक आहे तेवढं. म्हणून मला संध्याकाळपासून घराबाहेर पडायची बंदी. इसोबेलचा भाचा काळ्या केसांचा, त्याला सांगून ठेवलं होतं.

बारा वाजले. बंदरातल्या बोटींनी भोंगे लावले. सगळं शहर दणाणलं.

भोंगे थांबले...

आणि दारावर थाप पडली.

ठक. ठक. ठक.

नेटा स्वयंपाकघरात काळा केक कापत होती. तिथूनच ओरडली, "आत ये रे बाबा! उंबऱ्यात उभा राहू नकोस, आत ये!"

मी दार उघडलं.

कुणी नाही.

लिफ्ट तळमजल्यावर. आणि आमच्या मजल्यावरचा दिवा... तो कुणी चाललं की आपोआप लागतो. तो विझलेलाच होता. मी पाय बाहेर टाकला तेव्हा लागला.

पायपुसण्यावर कोळशाचा एक ढेकूळ.

उचललं तर... कोमट.

"कोण आहे?" नेटा हात पुसत आली.

"कुणी नाही. पोरांची मस्करी."

तिने कोळसा माझ्या हातातून घेतला. ओंजळीत धरून उभी राहिली. जरा जास्तच वेळ.

इसोबेलचा भाचा आला तेव्हा बराच उशीर झाला होता. हातात नुसती बाटली. "कोळसा कुठे मिळतो आता, काका?" म्हणाला. "मी आत्ताच येतोय, आईशप्पथ."

पण तोवर नेटाचं 'आत ये' म्हणून झालं होतं.

नव्या वर्षाच्या सकाळी तिने मला गदागदा हलवून उठवलं.

"डॉड! अरे डॉड, ऊठ! घर बघ कसं झालंय!"

अनवाणी उभी होती. गाल तांबूस. खाली वाकून तिने माझी पापी घेतली. लग्न झाल्यापासून अशी घेतली नव्हती.

मला तर स्वर्ग दोन बोटं. "बघितलंस? म्हटलं नव्हतं?" मी म्हणालो. "विटांची करामत. समजून घ्यावं लागतं ते."

माझे पाय गार होते. वाटलं, रात्रीच्या जागरणाची कसर असेल.

दुसऱ्या दिवशीही गार. मग माझी रात्रपाळी सुरू झाली. भट्टीपुढून घरी यायचो, रजईत शिरायचो, कुडकुडत झोपायचो. मनाला समजावलं, भट्टीच्या आचेची सवय, त्यापुढे घर थंड वाटणारच.

एक दिवस दुपारी मी बैठकीत कोट घालून बसलो होतो. तोंडातून वाफ निघत होती. समोर नेटा अर्ध्या बाह्यांच्या ब्लाउजमध्ये विणत बसलेली.

इसोबेल वर आली. येतायेता स्वेटर काढला. "भट्टी आहे काय रे घरात? बायकोला केकसारखी भाजतोस की काय? आणि तू असा अंडं उबवणाऱ्या कोंबडीसारखा का बसलायस?"

मी हीटरवर हात ठेवला.

थंडगार. थडग्याच्या दगडासारखा.

इसोबेलने त्याच जागी हात ठेवला आणि चटकन मागे घेतला. "आई गं! पोळला की!"

नेटा विणत होती. तिने मान वर केली नाही.

"आणि आणखी एक, डॉड," इसोबेल तळवा चोळत म्हणाली. "पहाटे पहाटे शेगडी खरवडू नकोस रे. झोपमोड होते माझी."

"मी पहाटे बेकरीत असतो."

"मग नेटा असेल."

"आमच्याकडे शेगडीच नाही, इसोबेल."

तिने हीटरकडे बघितलं. स्वेटर काखेत मारला आणि चहा न घेता गेली.

मी नेटाला विचारलं. सरळच विचारलं. "मी भट्टीवर असतो तेव्हा कोण येतं गं इथे?"

"कोण येणार? माझ्या वयात कुणी आलं तर त्याचे आभार मानून घेईन मी."

हसली. पण विणकामाचे दोन टाके तिचे सुटले, ते मी बघितलं.

मी मीटरचं कपाट उघडलं.

मघाशी सांगितलं ना, हीटरचं मीटर वेगळं. वर्ष संपताना मी त्याचा आकडा बघून ठेवला होता. नेटाला दाखवून मिरवायचं होतं, बघ कसं स्वस्तात भागवलं.

आकडा तिथेच होता.

एकानेही पुढे सरकलेला नाही.

मग माझं लक्ष लाल बटणाकडे गेलं... बंद. भिंतीला कागद लावताना शॉक नको म्हणून मीच बंद केलं होतं. चालू करायचं विसरलो होतो. सगळे दिवस त्या विटांत विजेचा थेंब गेला नव्हता.

आणि त्या बटणाच्या कडेला... अंगठ्याचा ठसा.

काळा. कोळशाच्या भुकटीचा. माझ्या अंगठ्याच्या दुप्पट.

तुम्हाला वाटेल मी घाबरलो. नाही. खरं सांगतो, मी चिडलो. ती पापी त्याची होती! मिळाली मला, पण होती त्याची. ते तांबूस गाल त्याचे. मी मेलो तिथे रात्रभर पीठ मळून, आणि हा माझ्या घरात, माझ्या बायकोला...

ठसा बाहीने पुसला आणि बटण दाबलं. खट्‌.

"आता माझ्या विजेने तापेल हे घर," मी कपाटातच तोंड घालून म्हणालो. "तू जा."

दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं तर उबेची लाट अंगावर आली. कित्येक दिवसांत पहिल्यांदा. मी कोट काढला. हीटरवर हात ठेवला, चांगला पोळला. बरं वाटलं.

"नेटा! बघ!"

ती बाहेर आली नाही.

खोलीत गेलो. ती रजईत गुडघे पोटाशी घेऊन पडली होती. अंगावर तिचा कोट, माझा कोट, वर टेबलावरचं कापडही ओढून घेतलेलं. दात वाजत होते.

"थंडी रे... किती थंडी..."

मला घाम फुटला होता. खरोखरचा घाम.

दोन दिवसांत ती अंथरुणावरून उठेना. डॉक्टर आला, त्याने दारातच कोट काढला, मग टायही सैल केला. "खोली चांगली गरम आहे," म्हणाला. "अशीच ठेवा." नेटाचा हात हातात घेतला आणि गोंधळून माझ्याकडे बघितलं. बर्फातून काढलेल्या मासळीसारखा हात होता तो.

मी तिला गरम पाण्याच्या पिशव्या दिल्या. पाजता येईल ते सूप पाजलं. बेकरीतून रजा काढून दोन्ही हातांनी तिची पावलं चोळत बसलो. माझे हात, ज्यांनी आयुष्यभर भट्टीतून पावाचे तापलेले पत्रे उचलले, त्यांच्याने दोन पावलं तापेनात.

तिसऱ्या दिवशी दुपारी तिचे ओठ निळे पडले. रुग्णवाहिकेला फोन केला. बर्फाने रस्ते बंद, वेळ लागेल म्हणाले.

बाहेर दिवस मावळत होता. आमच्याकडे जानेवारीत तो दुपारीच मावळतो.

मी उठलो. कपाट उघडलं. लाल बटण बंद केलं.

परत येऊन हीटरपुढे उभा राहिलो.

"ऐक रे कोळसेवाल्या," मी म्हणालो. "मला तू आवडत नाहीस. कधीच आवडला नाहीस. पण हिचे ओठ बघ. माझ्या विटांनी होत नाही. तू कर."

काही नाही.

घड्याळ, आणि तिचा श्वास.

"कर की रे! की मी पाया पडू?"

आणि मग...

खर्र...

खर्र... खर्र...

लोखंडाच्या सळईने राख खरवडल्याचा आवाज. भिंतीतून नाही. खालून नाही. त्या हीटरच्या पोटातून. मग खडखडाट, बादलीतून कोळसा ओतावा तसा. मग काडी ओढल्याचा.

माझ्या तळव्यांतून गारठा वर चढायला लागला. पोटऱ्या, गुडघे, कंबर. तोंडासमोर वाफ दिसायला लागली.

नेटाच्या ओठांवर रंग आला. आधी फिकट, मग चांगला. तिने रजई बाजूला सारली. डोळे मिटलेलेच, पण हसली. आणि ज्या आवाजात ती माझ्याशी कधी, कधीच बोलली नव्हती, त्या आवाजात म्हणाली,

"आज दुपारीच पेटवलीस?"

"हो," मी म्हणालो. "तुझ्यासाठीच."

तिने डोळे उघडले नाहीत.

"तुला नाही विचारलं, डॉड."

रुग्णवाहिका आली तेव्हा ती उठून चहा करत होती.

त्यावर आम्ही पुढे कधी बोललो नाही. तिला ते आठवतं की नाही, मला माहीत नाही. विचारायची हिंमत नाही.

आता मार्च लागलाय. नेटा ठणठणीत आहे. बहिणीकडे जायचं नाव काढत नाही. माझ्याशी चांगली वागते, माझी आवड बघून रांधते, बाहेर हात धरून चालते. मी मात्र घरात दोन मोजे, स्वेटर आणि कोट घालून असतो. इसोबेल हल्ली वर येत नाही, जिन्यातच बोलते. हीटरचं बटण बंदच आहे. कंपनीचा माणूस आकडा बघून गेला, म्हणाला, "काका, तुम्ही हीटर वापरतच नाही? आणि घर एवढं छान गरम!"

मला ऊब मिळते ती फक्त बेकरीत.

आणि परवा तिथे मालकीण म्हणाली, "डॉड, बस झाली आता रात्रपाळी. सोमवारपासून दिवसाला ये. रात्री बायकोजवळ झोपावं माणसाने."

किती वर्षं मी हे ऐकायची वाट बघत होतो! धावतपळत घरी आलो. नेटा जेवायला वाढत होती. तिला सांगितलं.

तिच्या हातातला डाव थांबला.

तिने माझ्याकडे बघितलं नाही. झोपायच्या खोलीच्या दाराकडे बघितलं. मग हसली, माझ्या गालावर हात ठेवला. हात केवढा उबदार होता म्हणून सांगू.

"घाई काय आहे, डॉड?" ती म्हणाली. "तुला घरात किती थंडी वाजते. भट्टीपाशीच बरा असतोस तू."

मायेनेच बोलली. त्यात खोट नव्हती.

आतल्या खोलीत मघापासून काहीतरी बारीक खरवडल्याचा आवाज येत होता...

तो थांबला.

मी काय उत्तर देतो ते ऐकायला थांबावा तसा.

मी मान खाली घालून जेवलो. मालकिणीला मी अजून हो म्हटलेलं नाही.

नाहीही म्हटलेलं नाही.